सोळा अंशावरचा ध्रुव आणि जुन्या लेन्सा: बेळगाव-खानापूरकडून आकाशाचे फोटो कसे काढायचे

मृगाचा आख्खा पट्टा, त्याच्या खालचा तेजोमेघ आणि मागचं धुरकट आकाश असा फोटो बघितला की आपल्याला वाटतं हे मोठ्या दुर्बिणीचं काम असणार, लाखभर रुपये लागत असणार. तसं काही नाही. असा फोटो 135 एमएमची चाळीस-पन्नास वर्षं जुनी लेन्स, साधा डीएसएलआर आणि पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगानं उलटा फिरणारा एक छोटा ट्रॅकर एवढ्यावर होतो. मी हे जांबोटीजवळ मामांच्या काजूच्या बागेत बसून शिकलो, आणि शिकताना सगळ्यात जास्त त्रास झाला तो सामानाचा नाही तर एकाच गोष्टीचा, की नेटवर जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांनी लिहिलेलं असतं, त्यांचा ध्रुव आकाशात चाळीस-पन्नास अंशांवर, आणि आपला सोळावर. बेळगावचा अक्षांश 15.85, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून सोळा अंश वर, हात लांब करून मूठ धरली तर साधारण दीड मूठ. एवढ्या एका फरकानं ट्रायपॉड कसा ठेवायचा, जागा कुठली धरायची, कुठलं नक्षत्र घ्यायचं हे सगळं बदलतं. म्हणून हे आपल्याकडच्या हिशेबानं लिहितोय.

ट्रॅकर कशाला लागतो ते आधी. आकाश सेकंदाला साधारण 15 विकला सरकतं (एका अंशाचे 3600 भाग केले की एक भाग म्हणजे विकला). 50 एमएमची लेन्स आणि आजकालचा 24 मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर (जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) धरला तर एक पिक्सेल सोळा-एक विकलांचा पडतो, म्हणजे तारा सेकंदाला जवळजवळ एक पिक्सेल पळतोय. साध्या ट्रायपॉडवर सहा-सात सेकंदांच्या पुढं गेलात की ताऱ्याची रेघ व्हायला लागते. ट्रॅकर लावला की तोच फोटो 60 सेकंदांचा, 120 सेकंदांचा घेता येतो, म्हणजे दहा-वीस पट उजेड, आणि तेवढ्या उजेडात डोळ्याला न दिसणारं सगळं वर येतं. ट्रॅकर काही जादू करत नाही, तो फक्त 23 तास 56 मिनिटांत एक फेरा या वेगानं ध्रुवाभोवती फिरतो. त्याचा आस ध्रुवाकडं नीट लावून देणं हे आपलं काम, आणि खरं कौशल्य तिथंच आहे.

लेन्स कुठली आणि कुठून

जुनी लेन्स का, तर एक म्हणजे स्वस्त, आणि दुसरं म्हणजे जुन्या लेन्सची फोकसची रिंग हातानं फिरवायची असते, घट्ट, लांब फिरणारी, सोडली की जागेवर राहणारी. आजच्या ऑटोफोकसच्या किट लेन्सची रिंग मोकळी गोल गोल फिरते आणि ताऱ्यावर फोकस करताना रडवते. जुन्या लेन्सवर ॲपर्चरची, म्हणजे उजेडाचं भोक लहानमोठं करायची, रिंगपण असते त्यामुळं कॅमेऱ्याशी बोलायची गरजच नाही.

आपल्याकडं या लेन्सा अजून निघतात. गावागावात जे जुने फोटो स्टुडिओ होते, लग्नाचे फोटो काढणारे, त्यांच्या कपाटात पेंटॅक्स के 1000, याशिका, निकॉन एफएम असले कॅमेरे पडून आहेत आणि त्यांच्याबरोबरच्या 50 एमएमच्या लेन्सापण. ओळखीनं विचारा, लोक देतात. झेनिट कॅमेऱ्याबरोबर यायची ती हेलिओस 44-2, 58 एमएम एफ 2, तीपण चालते, फक्त पूर्ण उघडी ठेवली की कोपऱ्यातले तारे ओढल्यासारखे होतात, एफ 4 ला आणली (एफचा आकडा वाढला की भोक लहान होतं) की बरी होते. माझ्या मते सुरुवातीला दोनच लेन्सा पुरे, एक 50 आणि एक 135. क्रॉप सेन्सरवर 50 एमएममधून साधारण 26 बाय 17 अंशांचं आकाश येतं, म्हणजे आख्खा मृग मावतो, आणि 135 मधून 10 बाय साडेसहा अंश, त्यात मृगाचे मधले तीन तारे आणि खालचा तेजोमेघ आरामात बसतात. 135 एफ 3.5 किंवा एफ 2.8 ही जुन्या काळात प्रत्येक कंपनी करायची, ताकुमार, निक्कॉर, ज्युपिटर 37 ए, आणि या लेन्सा आकाशासाठी लई चांगल्या निघतात कारण तिची रचना सोपी असते आणि एफ 4 ला आणली की कोपऱ्यापर्यंत तारे टोकदार.

घेताना एक गोष्ट नक्की तपासा, बुरशी. मला एकदा ऑनलाइन घेतलेली लेन्स आली, विकणाऱ्यानं काच एकदम स्वच्छ म्हणून लिहिलं होतं, आणि घरी मोबाइलची बॅटरी मागून मारली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. परत घेतली नाही. तेव्हापासून मी हातात घेऊन, मागून उजेड मारून, ॲपर्चर उघडबंद करून बघितल्याशिवाय लेन्स घेत नाही. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आलेलं नको, फोकसची रिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी फिरली पाहिजे, मध्येच अडायला नको. वरच्या काचेवर एखादा ओरखडा असला तर सोडून द्या, फोटोत दिसत नाही. पण आतला धूसरपणा सोडू नका, तो प्रत्येक मोठ्या ताऱ्याभोवती वलय करतो.

काही जुन्या लेन्सांच्या काचेत थोरियम असायचं, सुपर ताकुमार 50 एफ 1.4 त्यातलीच. वर्षानुवर्षं त्याच्या किरणोत्सारानं काच पिवळट, चहाच्या रंगाची होते. ती उन्हात किंवा यूव्ही दिव्याखाली ठेवली की पिवळेपणा हळूहळू जातो. मी गच्चीवर ठेवली होती, मागच्या बाजूला ॲल्युमिनियमची फॉइल लावून, रोज दोन-तीन तास, पंधरा-एक दिवसांत चांगला फरक पडला. पण हे करताना फॉइल विसरू नका, लेन्समधून ऊन एकत्र होऊन खालचा कपडा किंवा लाकूड पेटू शकतं, आणि दुपारच्या उन्हात ठेवू नका, आतलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर येतं. सकाळचं कोवळं ऊन बरं. किरणोत्साराची मात्रा हाताळण्यापुरती फार नसते, फक्त काच फोडू नका, घासू नका.

अडाप्टरचं गणित

जुनी लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर बसवायला मधे जी रिंग लागते ती अडाप्टर, आणि इथं लोक फसतात. प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्सच्या बुडापासून सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. कॅनन ईएफचं 44 एमएम, एम 42 स्क्रूचं आणि पेंटॅक्स के चं 45.46, निकॉनचं 46.5, जुन्या कॅनन एफडीचं 42, मिनोल्टाचं 43.5. लेन्सचं अंतर कॅमेऱ्यापेक्षा जास्त असलं तरच मधे बिनकाचेची रिंग मावते आणि लेन्स अनंतावर फोकस होते. म्हणजे कॅननच्या डीएसएलआरवर एम 42, पेंटॅक्स आणि निकॉनच्या लेन्सा चालतात, एफडी आणि मिनोल्टा नाही. निकॉनच्या डीएसएलआरवर एम 42 लावायची तर मधे काच असलेला अडाप्टर लागतो आणि ती काच ताऱ्यांची वाट लावते, त्यामुळं निकॉनवाल्यांनी जुनी निक्कॉरच शोधावी. मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) असेल तर काही प्रश्नच नाही, सगळ्या चालतात.

अडाप्टर स्वस्तातला घेतला की कधी कधी तो जरा वाकडा असतो, आणि मग फोटोच्या एकाच कोपऱ्यातले तारे फुगलेले दिसतात. माझी पहिली रिंग अशीच होती. उद्यमबागेत ओळखीच्या एका लेथवाल्याकडं नेली, त्यानं दोन्ही बाजू समांतर करून दिल्या, वीस मिनिटांचं काम. बेळगावात राहण्याचा हा फायदा आहे बघा, इतकी फाउंड्री, इतकी मशीन शॉप आहेत की एमएमच्या दहाव्या भागाचं काम कुणाला समजावून सांगावं लागत नाही, लगेच करून मिळतं. कॅननच्या मिररलेसवाल्यांनी मेनूमधे लेन्स नसताना शटर सोडायचा पर्याय चालू करायचा.

ट्रॅकर विकत घ्यायचा की करायचा

तयार मिळणाऱ्यांत स्काय-वॉचरचा स्टार ॲडव्हेंचरर, आयऑप्ट्रॉनचा स्कायगायडर प्रो, मूव्ह शूट मूव्ह हे लोक वापरतात. मी जुना स्टार ॲडव्हेंचरर वापरतो, चार पेन्सिल सेलवर किंवा पॉवर बँकवर चालतो. पण मनापासून सांगतो, आधी बिजागरीचा ट्रॅकर करून बघा. दोन फळ्या, मधे एक बिजागरी, दुसऱ्या टोकाला एक आटे पाडलेला रॉड, रॉड फिरवला की वरची फळी उघडत जाते. हा 1970 च्या दशकात स्कॉटलंडमधल्या जी. वाय. हेग यांनी मांडला म्हणून त्याला स्कॉच माउंटपण म्हणतात. एम 6 चा रॉड घ्या, त्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बरोबर 1 एमएम, आणि तो मिनिटाला एक फेरा फिरवायचा असेल तर बिजागरीच्या मध्यापासून रॉडचं अंतर 228.5 एमएम ठेवायचं. हा आकडा कुठून आला ते सोपं आहे, आकाश मिनिटाला 0.2507 अंश फिरतं, तेवढ्या कोनात 1 एमएम उघडण्यासाठी त्रिज्या तेवढी येते. मोटर नसली तर हातानं फिरवा, घड्याळाकडं बघत सेकंदकाट्याच्या वेगानं हळूहळू, न थांबता. 50 एमएमला हे चालतं, खरंच चालतं. 1 आरपीएमची गिअरवाली मोटर लावली तर हात मोकळे. रॉड सरळ असल्यामुळं हळूहळू चूक साठत जाते, पहिल्या दहा मिनिटांत सहा विकलांच्या आत असते म्हणजे अर्धा पिक्सेलसुद्धा नाही, पण वीस मिनिटांनी 45 च्या आसपास जाते, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी रॉड परत सुरुवातीला आणायचा. बिजागरी मात्र ढिली नको. दाराच्या साध्या बिजागरीत खेळ असतो, पितळेची जाड घ्या आणि पिन घट्ट बसते का बघून घ्या.

जागा

बेळगाव शहराचा उजेड आता काकतीपासून मच्छेपर्यंत आणि हलग्याच्या बाजूला पसरलाय. येळ्ळूरच्या राजहंसगडावरून चांगलं वाटतं पण उत्तरेला आख्खं शहर. मला पश्चिमेचा आणि दक्षिण-पश्चिमेचा भाग आवडतो, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूचा, कारण तिथून दक्षिणेला भीमगडचं जंगल लागतं आणि दक्षिण क्षितिजापर्यंत काळोख. आणि आपलं सगळं वैभव दक्षिणेलाच आहे, ते पुढं सांगतो. खानापूर गावाच्या जवळ उभं राहिलात तर बेळगाव बरोबर उत्तरेला येतं आणि सोळा अंशावरचा ध्रुव शहराच्या उजेडात बुडतो, दिसतो पण शोधायला वेळ लागतो. जांबोटीकडून शहर ईशान्येला राहतं म्हणून ध्रुव जरा सुटा मिळतो. सौंदत्ती, गोकाककडची हवा कोरडी, तिकडं दव कमी पडतं, तो तिकडचा मोठा फायदा. चिक्कोडी, निपाणीकडं उसाच्या हंगामात पाचट जाळल्याचा धूर खालच्या आकाशात साचतो, मग सोळा अंशावरचं काही नीट दिसत नाही.

जंगलात परवानगीशिवाय जाऊ नका, वनखात्याची हद्द असते आणि खानापूर तालुक्यात अस्वलं आहेत, हत्तीपण येतात. कुणाच्या तरी शेतात, मालकाला सांगून, घराच्या हाकेच्या अंतरावर बसणं सगळ्यात चांगलं. चोर्ल्याच्या रस्त्यावर गोव्याच्या गाड्या रात्रभर चालू असतात, हेडलाइट थेट लेन्समधे येतो, रस्त्यापासून आत जा. आणि आजूबाजूच्या लोकांना संध्याकाळीच सांगून ठेवा. रात्री शेतात लाल बॅटरी हलताना दिसली की कुणीही चोरच समजणार, पाणी पाजायला मोटर चालू करायला लोक रात्री येतातच की. मला पहिल्या वेळी शेजारच्या शेतातले काका काठी घेऊन बघायला आले होते. मी त्यांना कॅमेऱ्याच्या मागं बोलावून कृत्तिका दाखवल्या, मग ते तासभर बसले.

जागा निवडताना उत्तरेला उघडं आहे का हे आधी बघा, दक्षिण नंतर. ध्रुव इतका खाली की काजूचं एक मध्यम झाड, एखादी टेकडी, गोठ्याचं छप्पर मधे आलं की संपलं. दिवसा जाऊन होकायंत्रावर उत्तर धरा आणि मोबाइलच्या कोन मोजायच्या ॲपनं सोळा अंशावर काय येतंय ते बघून ठेवा. आपल्याकडं चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक अगदी थोडा, अंशभराच्या आसपास, त्यामुळं होकायंत्र कामाला येतं, फक्त ट्रायपॉडच्या लोखंडापासून आणि मोटरपासून लांब धरा.

ध्रुवाकडं लावणं

ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेकडं करा. कारण असं की आस सोळा अंशच वर उचललेला असल्यामुळं ट्रॅकर जवळजवळ आडवा पडतो आणि कॅमेऱ्याचं सगळं वजन उत्तरेला बाहेर लोंबतं. तिथं पाय नसला तर जरा धक्का लागला की सगळं पुढं कलंडतं. माझा कॅमेरा एकदा असाच गेला असता, मामांनी धरला. वजनाचा दांडा लावत असाल तर तो फिरताना त्याच पायाला लागतो का ते आधी हातानं फिरवून बघा, परदेशातल्या व्हिडिओत हे कुणी सांगत नाही कारण त्यांचा आस उभा असतो. बॉलहेड (कॅमेरा हवा तिकडं वळवायचा गोळ्याचा सांधा) थेट ट्रॅकरवर लावला तर तोही आडवा बाहेर येतो, मग त्याच्या बाजूला असलेल्या खाचेत मान वाकवून कॅमेरा वर बघायला लावायचा. पहिल्यांदा विचित्र वाटतं, पण बसतं नीट.

मग ट्रायपॉड पातळीत आणा, उंची सोळा अंशावर लावा, होकायंत्रानं उत्तर धरा. ध्रुव शोधायला हिवाळ्यातल्या संध्याकाळी सप्तर्षी नसतात, क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठेचा इंग्रजी एम दिसतो तो धरा. फेब्रुवारीनंतर सप्तर्षी वर येतात, त्यांच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ पाचपट लांबवली की ध्रुव. धुरकट हवेत तो मंद दिसतो, त्याला दुसऱ्या कुठल्या ताऱ्याशी गोंधळू नका, त्याच्या आजूबाजूला तेवढा तेजस्वी तारा नाही हीच खूण.

पोलर स्कोपमधे (ट्रॅकरच्या आसातली ध्रुव बघायची छोटी दुर्बीण) बघायचं तर आपल्या अक्षांशावर ती जवळजवळ आडवी असते, डोळ्याची बाजू जराशीच खाली झुकलेली. ट्रायपॉड बुटका ठेवला असेल तर उभ्यानं बघता येत नाही, गुडघ्यावर बसायचं किंवा सरळ आडवं व्हायचं. मी घोंगडी नेतो, ती अंथरून त्यावर पालथा पडतो, मान वर करून एका डोळ्यानं बघायचं आणि हात वर करून दोन्ही स्क्रू फिरवायचे. दव पडलेलं असतं, घोंगडी नसली तर कपडे भिजतात. आत ध्रुव एका वर्तुळावर दिसला पाहिजे, घड्याळात किती वाजताच्या जागी ते मोबाइलचं ॲप सांगतं.

आता एक दिलासा देणारं गणित. ध्रुव तारा खऱ्या ध्रुवापासून पाऊण अंशापेक्षाही कमी लांब आहे. तुम्ही वर्तुळ वगैरे सगळं सोडून ध्रुव नुसता बरोबर मध्यभागी धरला तर एका मिनिटात ताऱ्याची सरक साधारण दहा विकला. 50 एमएमला एक पिक्सेल सोळा विकलांचा, म्हणजे 60 सेकंदांत पाऊण पिक्सेलसुद्धा सरकत नाही. त्यामुळं पहिल्या रात्री 50 एमएम लावा, ध्रुव मधे धरा आणि सुरू करा, दोन तास अलाइनमेंट करत बसू नका. 135 ला मात्र पिक्सेल सहा विकलांचा होतो, तिथं तेवढीच चूक दीड-पावणेदोन पिक्सेल दिसते, म्हणून वर्तुळावरच धरायचं, नाहीतर 30 सेकंदांवर थांबायचं.

ट्रॅकरवर उत्तर गोलार्धाचं बटण आणि ताऱ्याचं चिन्ह असलेला वेग निवडलाय ना ते बघा. अलाइनमेंट झाल्यावर कॅमेरा फिरवताना ट्रायपॉडला हात लावू नका, आणि कॅमेरा वळवून झाला की परत एकदा ध्रुव जागेवर आहे का बघा. बहुतेक वेळा हललेला असतो.

फोकस, ॲपर्चर, दव

जुन्या लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका, अडाप्टरमुळं ती इकडंतिकडं होते. व्याध किंवा अगस्त्य असा मोठा तारा मधे आणा, लाइव्ह व्ह्यू दहा पटीनं मोठा करा आणि रिंग अगदी केसाएवढी फिरवत जा. तारा लहान लहान होत जातो, एका जागी सगळ्यात लहान होतो, आणि पुढं गेलं की त्याच्याभोवती जांभळी नाहीतर हिरवट कड येते. त्या दोन रंगांच्या मधली जागा धरायची. मग रिंगवर मास्किंग टेप. तासाभरानं परत बघा, पहाटे गार पडलं की धातू आकसतो आणि फोकस सरकतो.

ॲपर्चर पूर्ण उघडी नको, 50 एफ 1.4 असेल तर एफ 2.8 ते 4, 135 असेल तर एफ 4. पण पात्यांमुळं मोठ्या ताऱ्यांना किरण फुटतात, काहींना ते आवडतात, मला नाहीत. 135 साठी मी काळ्या जाड कार्डबोर्डची चकती कापली, मधे 34 एमएमचं गोल भोक, लेन्स पूर्ण उघडी ठेवून चकती पुढं बसवली, 135 भागिले 34 म्हणजे एफ 4 झालं आणि तारे गोल गरगरीत. कापताना कडा साफ पाहिजेत, तूस राहिलं की त्याचेही किरण येतात, मी कंपासनं गोल काढून नवीन ब्लेडनं हळू कापलं आणि कड काळ्या मार्करनं रंगवली. 50 ला ही युक्ती करू नका, कोपरे काळे पडतात.

दव. खानापूरकडं डिसेंबर-जानेवारीत रात्री एक-दीडनंतर सगळं ओलं होतं, गाडीची काच, गवत, लेन्स. फोटो हळूहळू मऊ होत जातात आणि तुम्हाला वाटतं फोकस गेला. पॉवर बँकवर चालणारा गरम पट्टा लेन्सला गुंडाळा, किंवा काळ्या चार्टपेपरची लांब नळी करून पुढं लावा, तिनंही तास-दीड तास जातो. लेन्स पुसायला जाऊ नका, फोकस हलतो.

फोटो घेताना

रॉ मधे (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), आयएसओ 800 ते 1600, 60 सेकंद, व्हाइट बॅलन्स डेलाइट, नॉइज रिडक्शन बंद. हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) डोंगर डावीकडच्या कडेपासून सुटलेला हवा, साधारण एक तृतीयांशावर. असे किमान साठ फोटो, म्हणजे तासभर. एका फोटोत काही विशेष दिसत नाही, निराश होऊ नका, साठ एकावर एक चढवले की जे वर येतं ते बघून विश्वास बसत नाही. पहिला फोटो मोठा करून बघायचाच. सगळीकडचे तारे एकाच दिशेला लांबलेत तर अलाइनमेंट किंवा ट्रॅकरचा वेग. फक्त कोपऱ्यातले पंख फुटल्यासारखे तर लेन्स, ॲपर्चर अजून एक पायरी बारीक करा. एकच कोपरा खराब तर अडाप्टर. तारे दोन-दोन दिसले तर कुणाचा तरी पाय ट्रायपॉडला लागलाय.

शेवटी झाकण लावून त्याच आयएसओवर, तेवढ्याच सेकंदांचे पंधरा-वीस डार्क, म्हणजे सेन्सरचा नुसता नॉइज टिपणारे काळे फोटो, घ्या. आणि फ्लॅट, म्हणजे सारख्या उजेडाचे कोरे फोटो, घ्यायलाच पाहिजेत, जुन्या लेन्सा कोपऱ्यात उजेड कमी देतात त्यामुळं हे टाळून चालत नाही. पहाटे उजाडताना लेन्सवर स्वच्छ पांढरा सुती कपडा ताणून, फोकस आणि ॲपर्चर तसंच ठेवून, वीस फोटो. मी आईचं जुनं पातळ धुवून त्याचा तुकडा ठेवलाय, त्याचं विणकाम इतकं सारखं आहे की फ्लॅट एकदम गुळगुळीत येतात.

फोटो एकावर एक जोडायला सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर ही सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. शहराच्या उजेडाचा एका बाजूचा पिवळा उतार काढायला ग्रॅक्सपर्ट, तोही फुकट. रंग ओढताना हात आवरा, आकाश कोळशासारखं काळं करू नका, खरं आकाश करडं असतं.

काय घ्यायचं

डिसेंबर ते फेब्रुवारी मृग, कृत्तिका. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर हायड्रोजनचा 656 नॅनोमीटरचा लाल बराचसा अडवतो म्हणून लाल तेजोमेघ फिके येतात, पण मृगातला मोठा तेजोमेघ छानच येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे पाऊस उघडला की देवयानी दीर्घिका, 50 लासुद्धा आकार कळतो.

पण खरं सोनं मार्च ते मे. ज्येष्ठा आपल्याकडं अठ्ठेचाळीस अंशांपर्यंत वर येते, आकाशगंगेचं केंद्र पंचेचाळीसपर्यंत. लंडनहून ज्येष्ठा कशीबशी बारा अंश वर येते. ज्येष्ठेच्या शेजारी निळे, पिवळे, तांबूस ढग आहेत, 135 एमएमच्या एका चौकटीत सगळे मावतात, एप्रिलच्या अमावस्येला मध्यरात्रीनंतर दोन तास त्याच्यावर घाला. नरतुरंगातला ओमेगा हा गोलाकार तारकागुच्छ आपल्याकडं सत्तावीस अंश वर येतो. आणि त्रिशंकू, दक्षिणेचा क्रॉस, भीमगडच्या झाडांच्या वर अकरा ते सतरा अंशांमधे उभा राहतो, एप्रिलच्या शेवटी साधारण रात्री दहा-साडेदहाला. 50 एमएम, 30 सेकंद, खालच्या झाडांसकट. मामांनी तो फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितला आणि म्हणाले, "काय बघालास रे एवढं म्हणून विचारत होतो मी रोज." मग स्वतःच मान वर करून बघत राहिले, म्हणाले इतकी वर्षं शेतात झोपतोय, हे चार तारे असतात हे माहीत होतं, नाव माहीत नव्हतं.

मे मधे वळिवाचे ढग येतात, वीज चमकली की लगेच आवरा, उघड्या शेतात उभं राहू नका. मृग लागला की चार महिने सुट्टी. लेन्सा कापडी बॅगेत ठेवू नका, खानापूरच्या पावसात एका महिन्यात बुरशी धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलणाऱ्या मिळतात त्या घ्या, रंग उतरला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत टाका, आणि पंधरा दिवसांतून एकदा लेन्स काढून फोकसची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून ठेवा.